तीनच्या खेळाचं नैनीताल

माणसाला आपल्या बाजूला वळवायचं असेल तर भांडू नये, पिक्चर दाखवावा! हे माझं मत, आणि अंधेरीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये पिक्चरच्या बाबतीत माझ्या मताला मान आहे. गेल्या सहा महिन्यांत मी अकरा पाहिले. त्यातल्या सातांत नायक नैनीतालला गेला, चारांत तळ्याकाठी गायला, आणि एकात तर होडीतून पडला तरी गातच होता. मग मीच काय पाप केलंय?

आमचे हे, म्हणजे नंदकुमार, रेल्वेच्या ऑफिसात. वर्षातून एकदा आम्हा तिघांना फुकट पास मिळतो: हे, मी आणि सासूबाई. कुठेही जा, पण ठिकाण एकच. यंदा मला नैनीताल हवं होतं आणि सासूबाईंना काशी. महिनाभर हे बिचारे आमच्या दोघींच्या मध्ये बसून मुकाट्याने आमटीभात गिळत होते. शनिवारपर्यंत पासाचा फॉर्म द्यायचा होता आणि ठिकाणाची जागा अजून कोरी होती.

"चार दिवस द्या मला," मी ह्यांना सांगितलं. "आई आपल्या तोंडाने म्हणतील, नैनीतालला चला."

मंगळवारी तीनच्या खेळाला सासूबाईंना घेऊन गेले. पिक्चर झकास! डोंगर काय, धुकं काय, तळं काय! पाणी निळं असेल ना गं, असं त्यांनी हळूच विचारलं. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर निळं कुठून दिसायला, पण मी ठोकून दिलं की निळंशार आहे. त्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या. नायिका धुक्यात हरवली तेव्हा त्यांनी थंडी वाजल्यासारखा पदर लपेटून घेतला, आणि मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

बाहेर पडल्या पडल्या विचारलं, "काय आई, कसं वाटलं नैनीताल?"

"फार सुंदर गं," त्या म्हणाल्या. "बघून झालं, बरं झालं. आता काशीला जायला आपण मोकळ्या."

वाट लागली! मी म्हटलं, अहो आई, पण ते पडद्यावरचं. तर म्हणतात, पडद्यावरचा म्हणून डोंगर काय खोटा होता? डोंगर तो डोंगरच ना? घरापर्यंत मी तोंड पाडून चालले आणि त्या डोंगराचं कौतुक करत चालल्या.

दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता डोक्यात प्रकाश पडला. पडद्यावरचं नैनीताल खरं, तर पडद्यावरची काशीही खरीच की! सांताक्रूझला एक संतपट लागला होता. शेजारच्या शुभाने शपथेवर सांगितलं की त्यात काशीचा घाट चांगला पाच मिनिटं दाखवलाय. एकदा सासूबाईंची काशी झाली की पास माझा!

गुरुवारी मी त्यांना नुसतं एवढंच म्हटलं, काशी बघायला चलता का? तर त्यांनी पहाटे उठून अंघोळ केली आणि उपास धरला. थिएटरात शिरल्यावर वहाणा काढून खुर्चीखाली सारल्या. बऱ्याच वेळाने घाट आला, मग गंगा आली, आणि सासूबाई हात जोडून ताडकन उभ्या राहिल्या.

"मावशी, खाली बसा ना," मागचा माणूस कुरकुरला. "काही दिसत नाहीये."

"तुम्हीही उठा," सासूबाई मागे वळून म्हणाल्या. "समोर गंगा आलीय आणि बसलाय काय?"

आणि तो उठला हो! तो उठल्यावर त्याच्या मागची रांग उठली. न उठून करतात काय, दिसणार कसं? बघता बघता अख्खं थिएटर उभं! डोअरकीपर बॅटरी घेऊन धावत आला, त्याने आमच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि बॅटरी काखेत धरून त्यानेही हात जोडले. मी एकटीच बसून होते. मग लाज वाटून मीही उठले.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी माझा हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तुझे सासरे तीस वर्षं नेतो नेतो म्हणाले," त्या म्हणाल्या. "ते गेले, पण काशी काही झाली नाही. तू घडवलीस, उत्तरा."

मलाही रडू आलं. निम्मं त्यांच्यासाठी आणि निम्मं, खरं सांगते, पासाच्या आनंदाने. घरात पाऊल टाकायच्या आधी मी शुभाकडे जाऊन तिचा लोकरीचा स्वेटर मागून घेतला. तो हातात घेऊन घरात शिरते, तोवर सासूबाईंचं ह्यांना सांगून झालं होतं की नंदू, आता काळजी मिटली. हिचं नैनीताल झालं आणि माझी काशी झाली.

ह्यांच्या चेहऱ्यावर महिनाभराने तजेला आला.

"दोन्ही झालं?" हे म्हणाले. "मग यंदा वनमालाताईकडे जाऊ. दोन वर्षं बोलावतेय बिचारी." आणि पेन काढून ह्यांनी फॉर्मवर 'भुसावळ' लिहिलंसुद्धा!

पिक्चर बघणं म्हणजे जाणं का हो, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण सासूबाई देवापाशी दिवा लावत होत्या. इतकं खूश मी त्यांना लग्नापासून पाहिलं नव्हतं. माझं नैनीताल खोटं म्हणावं, तर त्यांची काशीही खोटी ठरणार. मी शुभाला स्वेटर परत देऊन आले.

मे महिन्यातलं भुसावळ! वनमालावन्संच्या ओट्यावर शेजारणी जमल्या होत्या, आणि सासूबाई त्यांना नैनीतालचं तळं रंगवून सांगत होत्या. निळंशार, धुकं काय, थंडी काय. ऐकून ऐकून समोरच्या जयंतीबाईंनी माझ्याकडे मोठ्या हेव्याने पाहिलं.

"भाग्यवान गं बाई," त्या म्हणाल्या. "किती राहिलात तिथे?"

"अडीच तास," मी घाम पुसत म्हटलं. "मध्यंतर धरून."