मधल्या पडद्याची जाडी

साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. माझं वय सेहेचाळीस, चष्म्याचा नंबर नुकताच वाढलेला आणि डोक्यातली हवा त्याहून जास्त! टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या डिझाइन खात्यात मी तपासनीस होते. ‘पत्र्याची जाडी चुकलेलं एकही मॉडेल माझ्या टेबलावरून पुढे गेलेलं नाही’, हे मी दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत असे. कुणी नसलं तर फायलींना!

टाकी प्रत्यक्ष बनवण्याआधी तिचं मॉडेल संगणकात घालायचं, त्यावर खोटा भार टाकायचा आणि ती कुठे वाकते ते पाहायचं, हे आमचं काम. गंमत अशी, की मॉडेलमधल्या पत्र्याला अंगची जाडी नसते. शेल एलिमेंट म्हणतात त्यांना. छोट्या चौकोनांची नुसती जाळी, दुधावरच्या सायीपेक्षा पातळ. जाडी वेगळी, आकड्यात सांगायची. चित्रात सहा मिलिमीटरचा पत्रा आणि साठ मिलिमीटरचा पत्रा जुळ्या भावांसारखे दिसतात! म्हणून एकेक आकडा ड्रॉइंगशी ताडून पाहणारं कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी.

त्या वर्षी आमच्याकडे एक गृहस्थ सहा महिन्यांच्या चाचणीवर आले होते. बेचाळीस वर्षांचे, घरी शाळेत जाणाऱ्या दोन मुली. आधीचा कारखाना बंद पडलेला. इतकं सावकाश बोलत, की त्यांचं एक वाक्य संपेपर्यंत ऐकणाऱ्याचा चहा निवायचा. आम्ही त्यांना हळूभाऊ म्हणू लागलो. त्यांना कायम करायचं की नारळ द्यायचा, हे शुक्रवारी दहा वाजता ठरणार होतं.

आणि बुधवारी मी त्यांचं मॉडेल तपासायला घेतलं! मालमोटारीवर बसवायची लांबलचक टाकी, तिच्या बरोबर मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्र्याचा एक उभा पडदा. ड्रॉइंगवर पडद्याची जाडी बारा. मॉडेलमध्ये सहा!

बोका दिसलेल्या कुत्र्यासारखी मी उठले.

“हळूभाऊ! हे काय?”

“ताई, ते... आपण...”

“ड्रॉइंग बारा म्हणतंय. तुम्ही सहा लिहिलंय. हो की नाही?”

“हो, पण त्याचं कारण...”

“चूक झाली की माणसानं सरळ कबूल करावं. फाटे फोडू नयेत!”

त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. मी भेंडोळं काखेत मारून तडक साहेबांच्या खोलीत! साहेबांनी कपाळावर हात मारला.

“आता परत चालवायचं? त्या संगणकाला दोन दिवस लागतात हो!”

तिथे आमचे खरेदीप्रमुख बसले होते. यांना आम्ही चिमटा म्हणत असू, कारण ते पत्र्याचा एक एक तुकडा चिमटीत धरून तोलायचे. त्यांनी हळूच विचारलं, “सहाच्या पडद्यानं टाकी फाटली का हो?”

“नाही,” मी म्हटलं. “पास झालीय.”

“मग बारा कशाला?”

साहेब उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की जणू नुकताच लोखंडाचा शोध लागला!

“ताई! तुमच्यामुळे टाकीचं वजन घटलं! पडदा सहाचाच करून टाका!”

अर्ध्या तासात ड्रॉइंगवर बारा खोडून सहा झालं. वर्कशॉपला चिठ्ठी गेली. नोटीसबोर्डावर माझ्या दक्षतेचं कौतुक लागलं. माझ्या नावाखाली चक्क लाल शाईची रेघ! त्याच दमात साहेब म्हणाले, “आणि त्या हळूभाऊंचं शुक्रवारी आटपून टाकू. इतकी ढोबळ चूक करणारा माणूस काय कामाचा?”

ते वाक्य घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. पण नोटीसबोर्डासमोरून जाताना दरवेळी थोडं खाली उतरायचं. खोटं कशाला बोलू? गुरुवारी मी तिथून सात वेळा गेले.

गुरुवारी संध्याकाळी घरी पोचले, तर आमच्या बैठकीच्या खोलीत वेगळीच लढाई! आमचं घर जोडघर. मधली भिंत आमची आणि शेजाऱ्यांची सामाईक, आणि तिला ओल आलेली. आमचे हे एका बाजूला, शेजारचे भाऊजी दुसऱ्या बाजूला, मध्ये टेप घेऊन गवंडी.

“भिंत माझ्या घरात आहे,” हे गरजले. “नऊ इंच! माझी!”

“मग माझ्या घराला काय तिकडून हवा टेकलीय?” भाऊजी.

गवंडी वैतागला. “अहो, नऊ इंच एकदाच आहेत! निम्मी भिंत यांची, निम्मी तुमची. दोघांनी आपापली नऊ-नऊ धरली, तर अठरा इंचाची भिंत आणू कुठून?”

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

आमच्या संगणकात अख्खी टाकी मावत नसे हो! उभी चिरून अर्धीच घालायची आणि त्याला सांगायचं, बाबा रे, दुसरी बाजू आरशात दिसते तशी समज. पडदा तर नेमका चिरलेल्या रेषेवर! त्याची निम्मी जाडी या बाजूची, निम्मी आरशातल्या बाजूची. म्हणजे बाराच्या पडद्याला सहाच द्यायची असते! हळूभाऊ शंभर टक्के बरोबर होते. पास झाली होती ती बाराच्या पडद्याची टाकी, आणि मी ड्रॉइंगवर सहा करवून घेतलं होतं!

“अगं, काय झालं?” ह्यांनी विचारलं.

“मी एका माणसाची नोकरी घालवली,” मी म्हटलं.

शुक्रवारी कारखान्याचं फाटक उघडायच्या आधी मी फाटकावर. आधी वर्कशॉप गाठलं. फोरमनकाका बाराच्या पत्र्यावर बसून डबा खात होते.

“काका, सहाचा पडदा कापलात?”

“छे! या साहेबांचा हुकूम तीनदा आल्याशिवाय मी गॅस पेटवत नाही. आत्ताशी एकदाच आलाय.”

मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी राहिले!

दहा वाजता साहेबांच्या खोलीत सगळे जमले. हळूभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे. मी न बसताच सांगून टाकलं. माझी चूक, संपूर्ण माझी, निम्मीसुद्धा त्यांची नाही.

साहेबांनी ड्रॉइंग पुढे ओढलं. “म्हणजे वजन परत वाढलं?”

“हो.”

चिमट्यानं असा उसासा सोडला, जणू घरचंच कुणी गेलं.

“पण हळूभाऊ,” साहेब म्हणाले, “तुम्ही बोलला का नाहीत?”

या वेळी कुणी मध्ये बोललं नाही. “ताई इतक्या वर्षांच्या अनुभवी. मला वाटलं, त्यांना काहीतरी दिसलं असेल, जे मला दिसत नाही. दोन दिवस मी माझंच मॉडेल पुन्हा पुन्हा तपासत होतो.”

मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

हळूभाऊ त्याच दिवशी कायम झाले. नोटीसबोर्डावरचा कागद मी स्वतः काढला; टाचणी बोटात घुसली, ते बरंच झालं. फोरमनकाका निवृत्त होऊन गावी गेले आणि तिथे घरातल्यांचंही तिसऱ्यांदा सांगितल्यावर ऐकत, असं कळलं. चिमटा दुसऱ्या कारखान्यात गेले, साहेब परदेशात मुलाकडे. भिंतीची ओल दोन्ही घरांनी मिळून काढली. हे आणि भाऊजी मात्र पुढे वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत.

हळूभाऊ पुढे आमच्या खात्याचे प्रमुख झाले. शेवटची सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. मी तपासलेलं प्रत्येक मॉडेल ते स्वतः पुन्हा तपासायचे. सहा वर्षांत नऊ चुका सापडल्या, आणि नऊही वेळा त्यांनी आधी उठून खोलीचं दार लावून घेतलं, मग सांगितलं.

दहावी चूक त्यांना सापडली नाही. टाकीला पत्रा हवा त्याहून जाड लागला होता, म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. ती टाकी आता भंगारात गेली असेल, एवढ्या भरवशावर इथे लिहून टाकलं!