देवाजीभाऊंच्या सुया

आमचे देवाजीभाऊ काचेच्या चंबूशी बोलतात. गडचिरोलीतल्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर आहेत. काचसामान धुणं आणि पोरांना रागावणं हे त्यांचं नेमून दिलेलं काम. पण एखाद्या द्रावणातून स्फटिक पडेनात, की ते आम्हा पीएचडीवाल्यांना खुशाल दाराबाहेर काढतात.

“तुमी निंगा मॅडम. इतके लोक टकमक पाहून राह्यले, काऊन येईन थे बाहेर?”

मग काचेच्या कांडीनं चंबूची आतली बाजू हळूहळू घासत पुटपुटायचं, “ये बाई ये, कोणी नाई इथी.” घासल्यानं स्फटिक पडतात हे पुस्तकातही आहे. पुटपुटणं पुस्तकात नाही, पण त्याशिवाय करून बघायची आमची हिंमत नाही.

माझा पदार्थ मात्र सहा महिने एरंडेलासारखा चिकट तो चिकटच. फ्रीज झाला, बर्फ झाला, रडूनही झालं. शेवटी देवाजीभाऊंनी बूच लावलेला चंबू उचलला आणि व्हरांड्यातल्या माठाखाली ओल्या रेतीत पुरला. “फ्रीजमंधी जीव घाबरते तिचा. इथी दमादमानं थंडी होईन.”

नऊ दिवस त्यांनी माठाजवळ कुणाला फिरकू दिलं नाही. प्राचार्यांनासुद्धा घरून पाण्याची बाटली आणावी लागली. दहाव्या दिवशी चंबूत स्फटिकांच्या पांढऱ्याशुभ्र, लांबलचक सुया!

त्या सुयांच्या जिवावर मी चंद्रपूरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पोस्टर लावलं. विषय सेंद्रिय संश्लेषण. माठाचं मी ‘नियंत्रित मंद शीतलन’ करून टाकलं होतं. पोस्टरवर माझं नाव होतं, माझ्या मार्गदर्शकांचं होतं, चंबूचं तोंडही न पाहिलेल्या विभागप्रमुखांचं होतं. देवाजीभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून नमुन्यांची पेटी सांभाळायला आले होते.

एक जर्मन प्राध्यापक थांबले, भिंगातून सुया पाहिल्या, खूश झाले. इंग्रजीत विचारलं, “ही कल्पना कुणाची?”

देवाजीभाऊ माझ्यापासून दोन हात अंतरावर उभे होते.

“माझी,” मी म्हणाले.

शब्द तोंडातून गेला आणि माझे कान तापले. वळून पाहिलं, तर देवाजीभाऊ जागेवर नव्हते. त्यांना कळलं असणार. दुपारी मला जेवण गेलं नाही.

परतीच्या बसमध्ये मूल गावही मागे पडलं. शेवटी मी धीर करून विचारलं, “भाऊ, तो साहेब आला तेव्हा तुम्ही कुठे गेलात?”

ते ओशाळले. “पडद्यामागं झालो न मॅडम. हा कोन आहे म्हून त्यानं पुसलं असतं, तर भांडे धुते म्हून सांगा लागलं असतं तुमाले. एवढ्या लोकाईत तुमची मान खाली गेली असती.”

मग त्यांनीच हळूच विचारलं, “साहेबाले आवडली न थे?”

“खूप आवडली.”

“मंग झालं,” म्हणाले, आणि रस्त्यातल्या खड्ड्यांनी सुया मोडू नयेत म्हणून पेटी दोन्ही हातांनी मांडीवर उचलून धरून बसले.