लाँड्रीतली नटी

मनोरमाबाईंच्या लेकाचं घर सिनेमावाल्यांनी तीन दिवसांसाठी मागितलं आणि सुनेनं, उत्तरानं, मुक्कामाला आलेल्या सासूला न विचारताच हो म्हटलं. तिथूनच सगळं बिनसलं.

वेलिंग्टनजवळ, पोरिरुआच्या टेकडीवरचं जुनं लाकडी घर. तिकडची ऐन जुलैतली थंडी, भर दुपारी काचांना धुकं चिकटलेलं. दिग्दर्शक आंद्रेस स्पेनचा. तीस वर्षांत एकोणीस भुताचे सिनेमे काढलेला. पहिल्यांना माणसं किंचाळली, शेवटच्या चारांना हसली. हाही हसण्यावारी गेला, तर त्याला पुन्हा दारात कुणी उभं करणार नव्हतं. आणि नेमकी नटीला किंकाळीच जमेना.

"अंगावर पाल पडल्यासारखी ओरडतेय," मनोरमाबाई म्हणाल्या.

"आई, हळू! माइक चालू आहे."

"असू दे. त्याला मराठी कळतंय होय?"

मागच्या लाँड्रीत, म्हणजे धुण्याच्या खोलीत, वॉशिंग मशीनशेजारी एक म्हातारी बसली होती. पांढरीफटक, केस ओलेकच्च, नखांत माती. तिचा मेकअप मनोरमाबाईंना पसंत पडला. "या थंडीत म्हाताऱ्या माणसाला ओलं बसवतात, मेले!" म्हणत त्यांनी तिच्यापुढे चहा ठेवला. अर्ध्या तासानं पाहिलं, तर कप तसाच.

"नखरे बघा!"

तेवढ्यात दिवे गेले, कॅमेरा अडला. आंद्रेस पायरीवर डोकं धरून बसला.

"दृष्ट लागलीय त्याला," म्हणून बाईंनी त्याच्यावरून मीठ, मोहरी, लाल मिरच्या उतरवल्या आणि गॅसवर तापल्या तव्यात टाकल्या. स्मोक अलार्म केकाटला. सगळे खोकत अंगणात पळाले. धुमसता तवा घेऊन बाई मागाहून लाँड्रीच्या दारानं आल्या.

"ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हतीच," त्या हिरमुसल्या. "पण तुमची ती लाँड्रीतली म्हातारी खरी नटी हो! तिच्या नाकाखालून तवा नेला, साधी शिंकलीसुद्धा नाही."

उत्तरानं इंग्रजीत सांगितलं. आंद्रेसनं हळूच बोटं मोजली. त्याच्या नट्या दोन. दोघी समोर नाक पुसत उभ्या.

तो एकटाच आत गेला.

मग जी किंकाळी आली, तिनं शेजारची कुत्रीसुद्धा गप्प झाली.

लाँड्रीत कुणी नव्हतं. खुर्ची ओली होती. कप रिकामा, काठाला माती.

माइक बॅटरीवरचा, घाईत बंद करायचा राहिलेला. सिनेमात नटीच्या तोंडी तीच किंकाळी बसली. वेलिंग्टनच्या थिएटरात एकही माणूस हसला नाही.

वर्षानं बाई पुन्हा लेकाकडे मुक्कामाला होत्या, तेव्हा उत्तराला आंद्रेसचा फोन आला.

"सिनेमा जोरात चालला म्हणतोय, आई. पण आता भुतांचे काढणार नाही. पुढचा लग्नाचा आहे."

"पळपुटा!" बाई म्हणाल्या आणि चहाचा दुसरा कप घेऊन लाँड्रीकडे निघाल्या. यात साखर अर्धाच चमचा. म्हातारीला गोड चालत नाही, हे एव्हाना त्यांना कळलं होतं.