सात पेले कॉफी आणि एक कबूतर

इनायतबाईंनी इजिप्तमधल्या अखमीमहून निघताना गल्लीतल्या सगळ्या बायकांसमोर छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "तीन दिवस. चौथ्या दिवशी मुलीकडचा होकार पर्समध्ये घालून परत येते."

पर्समध्ये त्यांनी खरोखरच जागा करून ठेवली होती. जपमाळ, रक्तदाबाच्या गोळ्या आणि लाल सरबताची एक बाटली. त्यांच्या गावात लग्नाचा होकार आला की लाल सरबताचा ट्रे फिरतो. ट्रे आला की ठरलं. नाही आला तर बायकांनी गुपचूप आपापल्या चपला शोधायच्या. अम्मानसारख्या परक्या शहरात बरं सरबत मिळो न मिळो, ऐनवेळी अडायला नको, म्हणून बाटली घरचीच!

त्यांचा रिफत चार वर्षं जॉर्डनमध्ये एसी दुरुस्तीचं काम करत होता. एका शाळेतला एसी दुरुस्त करायला गेला आणि तिथल्या गणिताच्या बाईंना, हनादीला, पाहून आला. त्यानंतर त्या शाळेतला एसी दर पंधरा दिवसांनी बिघडू लागला. दोघांचं जमलं होतं, आता फक्त घरच्यांचं जमायचं होतं. नेमक्या त्याच आठवड्यात अकाबाच्या एका हॉटेलातले दोनशे एसी एकदम बसले आणि रिफतला तिकडे जावं लागलं. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झालेली. त्यामुळे मुलीला मागणी घालायला इनायतबाई एकट्याच.

पहिली संध्याकाळ थाटात सुरू झाली. मुलीकडून तिची आई होती, जिला सगळे तिच्या थोरल्या मुलावरून निदालची आई म्हणत, आणि काका औनी. हनादीचे वडील नव्हते, म्हणजे हो म्हणायचं की नाही ते औनीकाकांच्या हातात. फौजेतून निवृत्त झालेला माणूस. मिशा अशा, की त्यांच्यावर कपडे वाळत घालावेत.

काकांनी कॉफीची सुरई आणली आणि इनायतबाईंच्या हातात चिमुकला पेला देऊन त्यात घोटभर कॉफी ओतली.

आता इनायतबाईंच्या गावची रीत अशी, की समोर खाणंपिणं असताना कामाचं बोलणं म्हणजे अगदी हावरटपणा. आधी पेला संपवायचा, तोंड पुसायचं, मग विषय. म्हणून त्यांनी कॉफी घाईघाईने पिऊन टाकली. काकांनी पुन्हा ओतली. त्यांनी पुन्हा संपवली. काका बघत राहिले आणि त्यांनी पुन्हा ओतली. इनायतबाईंना वाटलं, ही सुरई एकदाची रिकामी झाली की विषय काढू. पण ती सुरई होती की विहीर! सातव्या पेल्याला त्यांचं काळीज शिवणयंत्रासारखं धडधडू लागलं, आणि समोर औनीकाकांचा चेहरा पार उतरला. सुरई ठेवून ते नमाजाला जातो म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. निदालची आई स्वयंपाकघरात गेली. हनादी आधीच दाराआडून नाहीशी झालेली.

त्या रात्री इनायतबाईंना झोप आली नाही. थोडी काळजीने, बरीचशी कॉफीने.

पुढचे दोन दिवस त्यांना काही समजेना. पाहुणचार म्हणाल तर असा, की ताटातला भाताचा डोंगर खणून बाहेर यावं तर वरून नवा डोंगर. पण लग्नाबद्दल अवाक्षर नाही. टोमॅटोवर बोलणं व्हायचं, गुडघ्यांवर व्हायचं, अखमीमच्या रेशमावर व्हायचं. इनायतबाई 'पोरांचं आता वय झालं बाई' म्हणून खडा टाकून बघत, तर निदालची आई 'हो ना' म्हणून खिडकीबाहेर बघे. ट्रे आला की इनायतबाई मान उंचावून त्यात लाल काही दिसतंय का ते पाहत. चहा यायचा. पुदिना यायचा. एकदा टरबूज आलं तेव्हा त्यांच्या काळजाचा ठोका चुकला.

आणि हनादी! पोरगी त्यांना पहिल्या नजरेतच आवडली होती. डोळ्यांत हुशारी, हाताला कामाची सवय. पण तिचे डोळे सतत सुजलेले असत, आणि इनायतबाई खोलीत आल्या की ती काहीतरी निमित्त काढून बाहेर जाई.

त्यांनी अकाबाला फोन लावला. रिफत हॉटेलच्या गच्चीवर होता, वारा सोसाट्याचा.

"अम्मा, कॉफी झाली का पहिल्या दिवशी?" त्याने विचारलं.

"झाली की. सात पेले."

वाऱ्यातून "सात?" असा अगदी बारीक आवाज आला आणि फोन कट झाला. नंतर तो लागलाच नाही.

तिसऱ्या दिवशी जेवताना निदालच्या आईने सहज विषय काढावा तसा काढला. आमची हनादी फार नाजूक आहे, ती म्हणाली, आणि तुमच्या वरच्या इजिप्तमध्ये म्हणे बंदुका वाजल्याशिवाय बारसंसुद्धा होत नाही.

इनायतबाईंच्या डोक्यात एकदम उजेड पडला. असं आहे होय! आपण ह्यांना मुळमुळीत वाटतो. फौजी घराणं हे, ह्यांना सोयरीक दमदार हवी. त्यांनी पाठ ताठ केली आणि म्हणाल्या, "बारसं सोडा. मी स्वतः गच्चीवरून उडत्या कबुतराला टिपलंय. डाव्या पंखावर सांगून डाव्या पंखावर."

खरं सांगायचं तर त्यांच्या घरात एकच बंदूक होती, चुलतसासऱ्यांची, कपाटावर गोधडीत गुंडाळलेली. वर्षातून एकदा ईदच्या आधी त्या तिच्यावरची धूळ झटकत, तीही डोळे मिटून. गावातल्या लग्नात बार सुरू झाले की इनायतबाई सगळ्यांच्या आधी पलंगाखाली असत.

पण औनीकाकांच्या मिशा तीन दिवसांत पहिल्यांदा वर गेल्या. निवृत्तीनंतर त्यांनी शहरात, एका इमारतीच्या तळघरात, नेमबाजी शिकवायची जागा चालवायला घेतली होती. उद्या सकाळी सगळ्यांनी तिकडेच जायचं, त्यांनी जाहीर केलं. पाहुण्यांना त्यांच्या आवडीचं काहीच दाखवलं नाही, ही चूक झाली म्हणाले.

त्या संध्याकाळी इनायतबाईंनी आरशासमोर केस वाळवायच्या यंत्राने सराव केला. एक डोळा मिटला की दुसराही आपोआप मिटत होता. मधेच दार उघडून हनादी टॉवेल द्यायला आली. तिने इनायतबाईंकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, टॉवेल खुर्चीवर ठेवला आणि दार हळूच लावून घेतलं.

तळघर लांबलचक, थंड आणि पांढऱ्या दिव्यांचं होतं. टोकाला तारेला लटकवलेले कागद, त्यांवर काळी वर्तुळं. बटण दाबलं की कागद सरसरत लांब जाई. छतातून एसीचा जाडजूड पन्हाळीसारखा पत्र्याचा नळ गेलेला. काकांनी सगळ्यांना कानांवर घालायला टोप्यांसारखं काहीतरी आणि डोळ्यांना चष्मे दिले. इनायतबाईंच्या ओढणीवर ते कानाचं प्रकरण बसेना. बसलं तेव्हा त्या हुबेहूब उकडलेल्या अंड्याला फडकं बांधल्यासारख्या दिसू लागल्या. काकांनी नियम सांगितले. त्यातला एकच त्यांच्या डोक्यात शिरला: काहीही झालं तरी आधी पिस्तूल समोरच्या फळीवर ठेवायचं, मग बाकीचं.

सुरुवात कोणी करायची यावर थोडा वेळ गेला. इनायतबाई म्हणाल्या, घरच्यांनी आधी. निदालची आई म्हणाली, छे छे, पाहुण्यांनी. तुमच्यापुढे मी काय, इनायतबाई म्हणाल्या, आणि हे त्यांचं त्या सकाळचं पहिलं खरं वाक्य होतं. शेवटी काका म्हणाले, आधी कॉफी घेऊ.

तीच सुरई. तोच चिमुकला पेला. पण आज इनायतबाईंचा हात असा थरथरत होता, की पेला ओठांपर्यंत नेला असता तर कॉफी चष्म्यावर गेली असती. त्यांनी तो पेला न पिता, जपून, समोरच्या फळीवर ठेवून दिला.



औनीकाकांनी कानावरचं काढून गळ्यात अडकवलं. निदालच्या आईने छातीवर हात ठेवला. हनादी तर भिंतीला टेकून उभी राहिली.

"बोला, रिफतच्या आई," काका अगदी गंभीर आवाजात म्हणाले. "तुमचं मागणं आहे का काही?"

इनायतबाईंच्या कानशिलांना घाम आला. ओळखलं ह्यांनी! थरथरता हात बघून सगळं ओळखलं. आता नाक घासून कबूल करायचं, की बंदूक हातात धरली नाही कधी, ह्यातून सोडवा. पण तोंडाने ते म्हणवेना. आणि तोंडघशी पडलेल्या बाईच्या घरात पोरगी कोण देतं?

"कसं सांगू," त्या पुटपुटल्या. "तुम्हाला दिसतंच आहे."

"दिसतंय. तीन दिवस वाट बघतोय आम्ही."

"तीन दिवस?" म्हणजे पहिल्यापासून माहीत होतं! बिचारे, किती सांभाळून घेतलं ह्यांनी. इनायतबाईंचे डोळे भरून आले. "भाऊ, मी एकटी बाई. माझी लाज आता तुमच्या हातात आहे."

काकांनी एकदा भावजयीकडे पाहिलं, एकदा हनादीकडे. मग छाती भरून श्वास घेतला आणि मशिदीत बोलावं तसे म्हणाले, "कॉफी प्या, रिफतच्या आई. ज्यासाठी आलात, ते तुम्हाला दिलं."

सुटले! इनायतबाईंनी दोन्ही हातांनी पेला उचलून एका घोटात संपवला. आणि त्याच क्षणी निदालच्या आईने जीभ हलवत असा लांबलचक आनंदाचा उलूलू केला, की टोकाचे कागद हलले. हनादी ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. काका मिशा पुसत होते. इनायतबाईंना काही उमगेना. एका बाईला गोळी झाडायला लावली नाही म्हणून इतका आनंद? किती कोमल मनाची माणसं!

तेवढ्यात काकांनी त्यांच्या हातात पिस्तूल ठेवलं.

"पण आत्ताच तर तुम्ही..." इनायतबाई म्हणाल्या.

"म्हणून तर! आनंदाच्या दहा गोळ्या. पहिला मान तुमचा."

काका मागे उभे राहिले, कोपर सरळ करून दिलं, पाय किती लांब ठेवायचे ते सांगितलं. पुढचं इनायतबाईंनी डोळे मिटून केलं. दहा गोळ्या त्यांनी कढईत मोहरी तडतडावी तशा संपवल्या. पिस्तूल दर वेळी थोडं वर, थोडं डावीकडे जात होतं. काका मागून "खाली, खाली" म्हणत होते, ते त्यांना गोळ्यांच्या आवाजात ऐकू आलं नाही. शेवटच्या गोळीचं पितळी टरफल उडालं, गरम गरम, आणि नेमकं त्यांच्या गळ्याशी ओढणीच्या घड्यांत शिरलं.

एक नियम आठवत होता. पिस्तूल फळीवर ठेवलं. मग बाकीचं. बाकीचं म्हणजे इनायतबाई दोन्ही हात वर करून, किंचाळत, एका पायावरून दुसऱ्या पायावर अशा काही नाचल्या, की निदालच्या आईला वाटलं हा वरच्या इजिप्तचा लग्नातला नाच. तीही नाचू लागली. काकांनी टाळ्यांचा ठेका धरला. टरफल घरंगळून बाहेर पडेपर्यंत तो नाच चालला.

मग काकांनी बटण दाबून कागद जवळ आणला. कोरा. जसा गेला तसा परत आला. इनायतबाईंनी मान खाली घातली. पण हनादीने शेजारचा कागद ओढला. तो निदालच्या आईसाठी लावलेला होता, आणि तिने अजून पिस्तूल हातातही घेतलं नव्हतं. त्या कागदाच्या अगदी मधोमध, काळ्या ठिपक्यात, एक छिद्र!

काका त्याच्याकडे बघतच राहिले. मग भावजयीला म्हणाले, "बघा. पहिला नेम त्यांनी विहीणबाईंच्या नावाने मारला."

"कोण विहीण?" इनायतबाईंनी विचारलं.

सगळे हसले, त्या सोडून. त्यांनी पुन्हा विचारलं, "नाही, खरंच, कोण?"

शेवटी हनादीनेच सांगितलं, हसत नि नाक पुसत. आमच्यात मागणी घालणारा कॉफी पीत नाही. पेला समोर ठेवतो. घरच्यांनी 'दिलं' म्हटलं की मगच ओठांना लावतो. पहिल्याच दिवशी प्यायला, म्हणजे त्याला ह्या घरातलं काहीच नकोय.

"आणि तुम्ही सात प्यायलात," ती म्हणाली. "मला वाटलं, एवढी का मी नको झाले तुम्हाला."

इनायतबाईंनी ते उकडलेल्या अंड्याचं फडकं डोक्यावरून काढलं आणि पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तोंडातून एवढंच आलं, "अगं, मी तीन दिवस तुमच्या ट्रेमध्ये लाल सरबत शोधत होते."

पर्समधली बाटली निघाली. कागदी पेल्यांतून सगळ्यांनी सरबत घेतलं. काकांच्या मिशा लाल झाल्या. परतताना गाडीत हनादीने हळूच विचारलं, की पेला ठेवलात तेव्हा खरंच मागणी घालायची होती ना? इनायतबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मग काय, दुसरं काय मागणार मी?"

तो एका छिद्राचा कागद आता अखमीमला चौकटीत घालून भिंतीवर लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला इनायतबाई तो दाखवतात. उरलेल्या नऊ गोळ्यांचं काय झालं, असं औनीकाकांनी सोयऱ्याच्या भिडेने कधी विचारलं नाही. पण आठवड्याभराने तळघरातली हवा थंड होईना, म्हणून त्यांनी आपल्या होणाऱ्या जावयालाच बोलावलं.

छतातल्या पत्र्याच्या नळाची भोकं मोजून झाल्यावर शिडीवरूनच रिफतने आईला फोन केला.

"अम्मा," तो म्हणाला, "कबूतर बरंच वरून उडत होतं गं."