फक्कीचं घर

भाऊसाहेबतात्यांच्या नव्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो थेट त्यांच्या बाथरूमच्या भिंतीतून. "ओ, भिंतीतून कुडं घुसताय? दार तिकडं हाय!" असं तात्या खेकसले आणि मी दचकून खाली पाहिलं. उघड्या माळावर चुन्याच्या पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारलेल्या होत्या. त्यातल्या एका रेघेवर माझा पाय होता, आणि पलीकडे लोखंडी खुर्ची टाकून तात्या पेपर वाचत बसले होते. मी मुकाट्याने वळसा घालून 'दारा'तून आत गेलो. चपला बाहेर काढायला लावल्या, ते वेगळंच.

तात्या माझे शेजारी. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी, आणि संसार नेवाशात भाड्याच्या दीड खोलीत, माझ्या भिंतीला भिंत लावून. निवृत्त झाल्यावर गावाबाहेर जेमतेम एक तुकडा घेतला. बांधकाम दिवाळीनंतर सुरू व्हायचं होतं. पण दसऱ्याला मिस्त्रीने आखणी करून दिली आणि तात्यांना दम धरवेना. रोज सकाळी चहाचा थर्मास घेऊन ते 'घरी' जायला लागले.

"घर आधी पायाला कळलं पायजे," हे त्यांचं तत्त्वज्ञान. "सिमेंट मागनं."

वाऱ्याने रेघ विस्कटली, शेळ्या तुडवून गेल्या, की तात्या फक्कीचा डबा घेऊन डागडुजीला हजर. एकदा एक भटकं कुत्रं स्वयंपाकघरात येऊन झोपलं. त्याला हाकलायचं तर तेही दारातूनच. बिचारं भिंतीकडे पळालं की तात्या आडवे. शेवटी ते बाहेर पडलं तेव्हा दोघांनाही धाप लागली होती.

तात्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, सुरुवातीला कपाळाला हात लावायच्या. मग एक दिवस त्याही रेघांत बसल्या, भाकरी थापल्यासारखे हात फिरवले आणि म्हणाल्या, "कोपर लागतंय भिंतीला." तात्यांनी जागच्या जागी पायाने रेघ पुसली आणि भिंत हातभर सरकवली.

"बगा! पाडायला मजुरी न्हाई, राडारोडा न्हाई. पैसं कमी आसलं की चुका बी आधीच करून घ्याव्या मानसानं." मी कपाळावरचं टेंगूळ चाचपलं; ते माझ्या घराच्या जिन्याला डोकं आपटून आपटून आलेलं होतं.

पण तात्यांचा खरा जीव होता तो पुढच्या ओट्यावर. खुर्ची तिथेच असायची. "जलमभर उसाच्या गाड्या मोजल्या. आता ओट्यावर बसून येनारीजानारी मान्सं मोजनार," असं ते येईल त्याला सांगत. घराच्या मध्यावर, बाहेरच्या भिंतीला लागून, एक लहानशी खोलीही आखलेली होती. ती कशासाठी, असं विचारलं की तात्या फक्त म्हणत, "असू द्या की." काकूंचा अंदाज असा, की जुन्या बाजारातून गोळा केलेलं भंगार हे तिथे कोंबणार.

दिवाळीच्या तोंडावर मिस्त्री आला. सगळं घर दारातून फिरला आणि म्हणाला, "तात्या, तुमच्या पैशात येवढं बसत न्हाई. ओटा तरी सोडा, न्हाई तर ही मधली खोली."

आम्ही सगळ्यांनी खोलीकडे पाहिलं. तात्यांनी ओट्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर ते खराट्याने ओटा पुसत होते. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. "अहो, भंगारापायी ओटा घालवता?"

"असू द्या की," म्हणाले, आणि खुर्ची उचलून घराबाहेर नेऊन ठेवली.

भाऊबीजेला तात्यांची थोरली बहीण, आक्का, राजूरहून आली. गावाकडचं घर वाटणीत चुलत्यांकडे गेल्यापासून तिला माहेर म्हणजे ही भाड्याची दीड खोली. दरवर्षी यायची, ओवाळायची, जेवायची, आणि "म्हशीचं कोन बघनार?" म्हणत दुपारच्या एसटीने परत निघायची. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून मला ते वाक्य पाठ झालं होतं. तात्या स्टँडवर सोडायला जायचे आणि अंधार पडल्यावरच परत यायचे.

यंदा त्यांनी ओवाळायला तिला माळावरच नेलं. मलाही बोलावलं. आक्का हातातलं ताट सांभाळत सरळ भिंतीतून आत शिरली. आता तात्या ओरडणार, म्हणून मी डोळे मिटले. तात्या ओरडले नाहीत. त्यांनी तिच्या हातातलं ताट घेतलं, तिला मधल्या खोलीत नेलं आणि म्हणाले, "आक्का, ही तुजी. आता म्हशीचं नाव काढायचं न्हाई."

काकू तात्यांकडे बघत राहिल्या. "मला सांगायचं तरी," म्हणाल्या. "मी काय नगं म्हनले आसते?"

आक्का खाली टेकली. पाय लांब केले. मग सत्तरीची ती बाई सरळ मातीवर आडवी झाली, या कुशीवरून त्या कुशीवर वळली आणि आभाळाकडे बघत म्हणाली, "म्हस तर कवाच इकली रं, भाऊ. लई सालं झाली."

तात्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. आक्का मग डोळे पुसून उठून बसली आणि म्हणाली, "उगवतीला खिडकी न्हाई व्हय रं हिला?"

"करतो की!" म्हणत तात्या फक्कीचा डबा आणायला धावत सुटले. वळसा घालून, दारातूनच.