शेवंताची दुसरी सुटका

म्हैस दुपारी पाण्यात बसते. कृष्णाकाठच्या बोरजाई गावात ही बाब आजवर कुणी कागदावर नोंदवली नव्हती, कारण तशी गरजच कधी पडली नव्हती. नानासोंच्या शेवंता, चंद्री आणि मोरणी या तीन म्हशी पावसानं जरा उघडीप दिली की ओढ्याच्या डोहात उतरत, आणि तीनच्या सुमाराला नानासोंच्या बायकोनं, हरणाबाईंनी, काठावर पेंडीची बादली वाजवली की निमूट बाहेर येत. नानासो फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गाव त्यांना रीतीप्रमाणे मेजर म्हणे. त्यांना शिस्तीचं मोठं कौतुक होतं, आणि घरात ती म्हशींखेरीज कुणी पाळत नाही अशी त्यांची तक्रार होती.

जूनच्या अखेरीस तालुक्याच्या आपत्ती निवारण कक्षाला वरून एक पत्र आलं. पूरबचावाची रंगीत तालीम घ्यावी, तीत किमान एका जिवंत जनावराची सुटका करावी व छायाचित्रासह अहवाल चार दिवसांत पाठवावा. कक्षानं नम्रपणे कळवलं की पूर अद्याप आलेला नाही. वरून विचारणा झाली, की पूर आल्यावर तालीम घेणार होता काय? प्रश्न बिनतोड होता. मग कक्षाचे समन्वयक अवधूत, वय अठ्ठावीस, नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर, एक रबरी बोट, नारिंगी जॅकेटं घातलेली सहा माणसं आणि एक फोटोग्राफर घेऊन पाण्यात अडकलेलं जनावर शोधायला निघाले. बोरजाईच्या डोहात त्यांना दोन शिंगं आणि एक नाक दिसलं. ती शेवंता होती. बाकीच्या दोघी त्या दिवशी अजून बांधावरच चरत होत्या.

"बुडतेय! बोट सोडा!" अवधूत ओरडले.

"बुडत न्हाई साहेब, बसलीया," काठावरून नानासो म्हणाले.

"काका, तुम्ही घाबरू नका. आम्ही आलोय."

"मी कशाला घाबरू? तुमी तिला घाबरवू नगा म्हंजे झालं. आठवा म्हैना सरलाय तिचा."

पण तोवर दोर शिंगांत पडला होता. दोराचं दुसरं टोक बोटीला बांधलेलं होतं, आणि शेवंताला बाहेर यायचं नव्हतं. तिनं बोटीला डोहाच्या दोन चकरा मारून आणल्या. तिसऱ्या चकरेला हरणाबाईंना नारिंगी जॅकेटवाल्यांची दया आली आणि त्यांनी बादली वाजवली. शेवंता वळली आणि बोटीसकट सहाही माणसांना ओढत काठाला आली. फोटोग्राफरनं नेमका तोच क्षण टिपला. बोट, ताणलेला दोर, म्हैस.

अहवालाच्या फॉर्मवर दोन रकाने होते. एक 'सुटका झाली', दुसरा 'बुडून मृत'.

"बसली हुती, असा रकाना न्हाई व्हय?" नानासोंनी विचारलं.

"नाही ना. सिस्टीमला दोनच पर्याय आहेत."

"मग बुडाली न्हाई, एवढंच लिवा."

"म्हणजे सुटका झाली," अवधूत म्हणाले. नानासोंनी बावीस वर्षं दाखवतील तिथं सही केली होती. इथंही केली.

चार दिवसांत त्याचा छत्तीस सेकंदांचा व्हिडिओ निघाला. त्याला मागून व्हायोलिन होतं, आणि शेवंतानं नाकातलं पाणी फुरकावलं तो भाग सावकाश करून दोनदा दाखवला होता. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आणि तो जिल्हाभर फिरला. मलकापूरहून हरणाबाईंच्या भाचीचा, रेश्माचा, फोन आला.

"मावशे, बघून रडूच आलं गं."

"अगं, तू तिला ल्हानपणापास्नं त्या डोहात बसल्याली बघितलीस की!"

"व्हय गं, पण व्हिडिओत लय येगळं वाटतं."

पुढच्या आठवड्यात कक्षाकडून नानासोंना पत्र आलं. सुटका झालेलं जनावर पुन्हा पाण्यात आढळल्यास तो मालकाचा हलगर्जीपणा समजण्यात येईल. डोहाच्या काठावर तशी पाटीही लागली. म्हशींना वाचता येत नसल्यामुळं पाटीशेजारी ग्रामपंचायतीचा शिपाई बसवला. चंद्री आणि मोरणी त्याच्यासमोरून थाटात पाण्यात जायच्या, कारण त्यांची सुटका झालेली नव्हती. शेवंता गोठ्यात दावं ताणून रेकायची. जुलैचा उकाडा, पोटात ओझं, अंगावर माश्या; तिची वैरण कमी झाली. बाहेर पाऊस पडत असताना हरणाबाई आत तिच्यावर बादल्या ओतत बसायच्या आणि त्यांना मनापासून वाईट वाटायचं. मुक्या जिवानं असा काय गुन्हा केला, हे त्यांनी शिपायालाही विचारलं. शिपाई म्हणाला, "वरनं आलंय."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पूरही वरनंच आला. गावची शाळा उंचावर होती, तिथं जनावरांची छावणी उघडली. यादी घेऊन ट्रॅक्टर दारात आला. चंद्री आणि मोरणी यांच्या नावापुढं 'सुटका बाकी' असं होतं, त्यांना मानानं ट्रॉलीत चढवलं. शेवंताला मात्र ट्रॉलीवाल्यानं हात लावला नाही. नानासो तिला चालवत शाळेच्या फाटकापर्यंत घेऊन गेले. फाटकात अवधूत लॅपटॉपवर प्लास्टिकची पिशवी धरून बसले होते.

"काका, माझा नाइलाज आहे. एका जनावराची दोनदा सुटका दाखवली तर सिस्टीम नोंद बोगस धरते."

"तवा पूर नव्हता. आता हाय."

"त्याचा सिस्टीमशी संबंध नाही. ती रेकॉर्डला सुरक्षित स्थळी आहे."

"कुठल्या?"

अवधूतनी पिशवी बाजूला करून पाहिलं. "तुमच्या गोठ्यात."

आज-उद्या वेणारी म्हैस उघड्यावर पावसात बांधता येत नव्हती. पाणी उसाच्या कडेपर्यंतच येतं, या आजवरच्या अनुभवावर भरवसा ठेवून नानासो तिला परत घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरक्षित स्थळी गुडघाभर पाणी होतं. तासाभरात ते शेवंताच्या पोटाला लागलं आणि तिला बसता येईना. कळा सुरू झाल्या होत्या. नानासोंनी कक्षाला फोन लावला. सुरक्षित स्थळावरून जनावर हलवायचं असेल तर लेखी अर्ज द्यावा, असं उत्तर आलं.

नानासो आयुष्यात क्वचितच घाबरले होते. त्या सकाळी ते घाबरले, आणि तसं ते बायकोला म्हणालेही. "हरणे, रेडकू आन म्हस दोन्ही जात्यात बघ आता."

"आवं, मग बघत काय बसलाय? कापा दावं. पाण्याचंच जनावर हाय ते, आपुणच त्याला कोरडं केलं!"

दावं कापलं. हरणाबाईंनी शेपूट धरली, नानासोंनी शिंग धरलं, आणि महिनाभर पाण्याला पारखी झालेली शेवंता त्या गढूळ पाण्यात उतरली. खाली ऊस होता, वर नुसते शेंडे. लांब शाळेवरून चंद्री आणि मोरणी रेकत होत्या. शेवंतानं कान टवकारले आणि त्या आवाजाच्या दिशेनं पोहू लागली.

निम्म्या वाटेत रबरी बोट भेटली. पंख्यात उसाचा पाला अडकून इंजिन बंद पडलं होतं आणि बोट नदीच्या मुख्य धारेकडं सरकत होती. आत चार जॅकेटं आणि अवधूत. "काका! ओ काका!"

नानासोंना क्षणभर अर्जाची आठवण झाली, हे कबूल केलं पाहिजे.

"कुणाचं तरी लेकरू हाय ते," मागून शेपटीकडून आवाज आला. "घ्या दोर."

दोर शिंगांत अडकवला. शेवंता एकदा फुरकली, मान खाली घातली आणि ओढू लागली. नानासो सारखं "बास गं माय, आलंच आता," म्हणत होते. शाळेच्या उतारावर तिच्या खुरांना जमीन लागली. दुपारी बारापर्यंत तिसरीच्या वर्गाच्या व्हरांड्यात ती व्याली. रेडी झाली, अंगावर पांढरा ठिपकासुद्धा नाही, आणि घटकाभरात उभी राहून आचळाला लागली. हरणाबाई भिंतीला टेकून पोटभर रडल्या.

शाळेच्या गच्चीवरून फोटोग्राफरनं फोटो घेतला होता. बोट, ताणलेला दोर, म्हैस. फोटो इतका चांगला होता, की वरच्या कार्यालयानं तासाभरात सिस्टीममध्ये 'पुनर्सुटका' नावाचा नवा रकाना उघडला. अवधूत फॉर्म घेऊन आले. त्यांच्या अंगावरचे कपडे अजून ओले होते आणि त्यांना नानासोंकडं बघवत नव्हतं.

"ह्ये उलट हाय, साहेब," नानासो म्हणाले. "म्हशीनं तुमाला काढलं."

"मला माहीत आहे, काका. पण 'सुटका करणारे' या रकान्यात कक्षाचं नाव छापूनच आलंय. आणि फॉर्म भरल्याशिवाय छावणीतली वैरण देता येत नाही."

नानासोंनी मागं वळून पाहिलं. ओली बाळंतीण शेवंता उपाशी उभी होती.

"करा की सही," हरणाबाई म्हणाल्या. "तिला काय त्याचं? पोटाला तर मिळंल."

सही झाली, वैरण मिळाली, आणि संध्याकाळी व्हायोलिनसह व्हिडिओ निघाला. एकाच म्हशीला दोनदा जीवदान. तो तुम्हालाही आला असेल. आला असेल तर आठवून बघा: मधे ताणलेला दोर, एका टोकाला बोट, दुसऱ्या टोकाला म्हैस. पुढं कोण आणि मागं कोण, हे त्यात स्वच्छ दिसतंय. काहीही लपवलेलं नाही. तुम्ही हात जोडलेत, पुढं चौदा जणांना पाठवलात, आणि मग दुसरा व्हिडिओ लावलात.