ढगांवरून मोजलेला समुद्र

बाळांनो, चुळबुळ थांबवा आणि ऐका. समुद्राला अगदी चिकटून एक जंगल होतं. एके वर्षी तिथल्या खाडीतून बांगडे गायब झाले. कालिंदी पाणमांजरीची पिल्लं भुकेने रडू लागली.

सिंहमहाराजांनी फर्मान काढलं, "समुद्राला ताप आलाय का, ते मोजा!"

काम मिळालं अंबू घारीला. तिच्या गळ्यात एक कॅमेरा बांधला. त्याला म्हणे उष्णता दिसायची. गार पाणी निळं, गरम पाणी लाल.

"वरून बघून पाण्याचा ताप कळतो होय गं?" कालिंदीने विचारलं.

"वरच्या कातडीचा कळतो. पोटातला तू सांग. मी वर फिरते, तू खाली बुडी मार."

आठ दिवस दोघी राबल्या. कॅमेऱ्याचं आणि कालिंदीचं उत्तर एकच आलं. निळ्या खाडीत एक लालभडक पट्टा होता. अंबू त्याच्या मागोमाग उडत गेली. पट्टा निघत होता थेट महाराजांच्या नव्या स्नानगृहाच्या मोरीतून!

हे सांगणं म्हणजे अंबूच्या जिवाशी खेळ होता. पण पिल्लांचं रडणं तिने ऐकलं होतं. तिने चित्र भर दरबारात उघडलं.

सगळे छताकडे बघू लागले.

"महाराज, मोरी बंद करा. बांगडे परत येतील," अंबू म्हणाली.

महाराजांनी अंगावरचा पंचा सावरला. प्रधान कोल्हा खाकरला. "बाई, तुमची पद्धतच चुकली. यापुढे मोजणी ढगाळ दिवशीच करायची. तीही ढगांच्या वरून."

"अहो, तिथून कॅमेऱ्याला समुद्र दिसतच नाही! नुसते ढगांचे माथे दिसतात. ते बर्फासारखे गार असतात."

"बर्फासारखे? उत्तम!"

अंबूने कॅमेरा काढून कोल्ह्यापुढे आपटला. "मग तुम्हीच उडा," म्हणाली, आणि कालिंदीच्या पिल्लांसाठी दुसरी खाडी शोधायला निघून गेली.

कॅमेरा गिधाडाला मिळाला. पहिल्याच ढगाळ दिवशी त्याने मोजणी उरकली. संध्याकाळी दवंडी पिटली गेली, "समुद्र थंडीने कुडकुडतोय होऽ!"

महाराजांचे डोळे पाणावले. बिचाऱ्याला जरा ऊब मिळावी, म्हणून त्यांनी दुसरं स्नानगृह बांधायला घेतलं.

तात्पर्य: ताप मोजणाऱ्याने नेहमी उंच उडावं. इतकं उंच, की मोरी दिसू नये.